उणे वीस

“ही हिरवी खूण कसली?” नवीन डॉक्टरीणबाईंनी वही माझ्यापुढे सरकवत विचारलं.

सत्तावीस वर्षांपूर्वीची वही. कडा पिवळ्या पडलेल्या, पण अक्षर माझंच. डावीकडे रक्ताच्या नळीचा नंबर, मग तारीख, मग ती कुठल्या खणात ठेवली ते, शेवटी तपासणीचा आकडा. एकूण दोनशे दहा नंबर, आणि त्यांतल्या अडतीस नंबरांभोवती हिरव्या शाईचा गोल.

“ते गेलेले पेशंट,” मी म्हटलं.

“बरं. पण ह्या सगळ्यांचा खणही बदललाय. ‘ल. फ्री.’ म्हणजे?”

“लहान फ्रीज.”

“किती थंड होता तो?”

हा प्रश्न कुणीतरी विचारील म्हणून मी अकरा वर्षं धास्तावून होते, आणि विचारला गेला तेव्हा मनात आलं की आता सरळ चहाला जावं आणि परत येऊच नये.

“उणे वीस,” मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई फार सभ्य. फक्त त्यांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी विचारलं, “सरांना माहीत आहे?”

“नाही.”

सर म्हणजे आमचे हृदयविकाराचे मोठे डॉक्टर. पेशंट त्यांना पाठीमागे तेलडॉक्टर म्हणायचे, आणि सरांना ते ठाऊक होतं. कुणी छातीत कळ येते म्हणून आलं की सर नाडी नंतर धरायचे, आधी विचारायचे, काल काय खाल्लंत? कुठलं तेल, किती, तेच पुन्हा तापवलं का? निम्मे पेशंट बिनदिक्कत खोटं बोलायचे आणि सर तेही मन लावून लिहून घ्यायचे. तीस वर्षं त्यांनी एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला. खाण्यातली चरबी माणसाच्या रक्तपेशींच्या आवरणात जाऊन बसते. त्यातली काही, विशेषतः मासळीतून येणारी, हृदयाचा ठोका बिघडू देत नाही, असं त्यांना वाटायचं. आणि वाटून गप्प बसणारा हा माणूस नव्हता.

म्हणून ती वही. हृदयविकाराचा झटका येऊन जो दाखल होईल त्याचं पहिल्याच दिवशी रक्त घ्यायचं, लाल पेशी वेगळ्या काढायच्या, नळीत भरून गोठवायच्या. तीन वर्षं थांबायचं. मग बघायचं, कोण जगलं, कोण गेलं आणि दोघांच्या पेशींत काय फरक होता. रक्त काढायचं काम माझं, गोठवायचं माझं, वही माझी. सर नुकतेच शिकून आलेले, मी त्यांच्याहूनही नुकती लागलेली. आमच्याकडे एक मोठा फ्रीज होता, उणे ऐंशी अंशांचा, बाहेर व्हरांड्यात घरघरत उभा असायचा. आणि माझ्या खोलीत टेबलाखाली एक लहान, उणे वीसचा. त्यात बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या.

त्र्याहत्तर नंबरची नळी माझ्या बाबांची.

त्यांना झटका आला तेव्हा मीच कामावर होते. “दुसऱ्या कुणाला बोलावू का?” म्हणून मी विचारलं, तर बाबा म्हणाले, “का? तुझा हात काय हलका नाही?” मी त्यांचं रक्त काढलं. ते बरे होऊन घरी आले, आणि पाच महिन्यांनी एका सकाळी फिरायला निघताना बूट घालता घालता गेले. एक पायात, एक हातात.

आठवड्यानं मी कामावर आले. नवीन पेशंटची नळी ठेवायला मोठा फ्रीज उघडला, डबा बाहेर काढला, तर बहात्तर आणि चौऱ्याहत्तरच्या मध्ये माझ्याच अक्षरात त्र्याहत्तर. शेजारचे दोघंही ठणठणीत होते. दर महिन्याला येऊन माझ्याशी गप्पा मारून जायचे. मला ते बघवेना. तीन दिवस मी डबा उघडताना मान वळवून उघडला. चौथ्या दिवशी ती नळी उचलली आणि लहान फ्रीजच्या खालच्या खणात, एकटीच, नीट ठेवली. वहीत तसं लिहिलं आणि नंबराभोवती हिरवा गोल काढला.

मग पुढच्या महिन्यात एक म्हातारे शिक्षक गेले. मला वाटलं, तेही कुणाचे तरी बाबाच. माझ्या बाबांना वेगळी जागा आणि त्यांना नाही, हे बरं दिसत नाही. त्यांनाही खाली आणलं. मग तो रिवाजच पडला. पेशंट गेल्याची चिठ्ठी आली की त्याची नळी मोठ्या फ्रीजमधून काढायची आणि खालच्या खणात ठेवायची. मी हे काम अगदी शांतपणे, हात धुऊन करायची. गेलेल्या माणसांचा मी मान राखतेय असं मला वाटायचं. आणि उणे वीस काय नि उणे ऐंशी काय, गोठलेलं ते गोठलेलं, अशी माझी समजूत होती. त्या काळी आमच्याकडे सगळ्यांचीच होती.

तीन वर्षांनी नळ्या तपासल्या. जगलेल्यांच्या मानानं गेलेल्यांच्या पेशींत ती मासळीतली चरबी निम्म्याहूनही कमी निघाली. सर अक्षरशः धावत माझ्या खोलीत आले. “बघा! बघा हा फरक!” त्यावर लिहिलेला पेपर वैद्यकीय मासिकात छापून आला आणि सरांचं नाव झालं. लांबून लांबून लोक त्यांना भेटायला यायला लागले.

त्याच सुमाराला आई बाबांचे काही कागद न्यायला हॉस्पिटलात आली होती. सरांनी तिला आदरानं बसवलं. ते तरुण होते, आनंदात होते, आणि नवऱ्यामागे राहिलेल्या बाईला काहीतरी ठोस उत्तर द्यावं असं त्यांना मनापासून वाटलं. ते म्हणाले, “आई, त्यांच्या रक्तात मासळीची चरबी फारच कमी होती. ते मासळी खात नव्हते का?”

आईला मासळीचा वास सहन होत नव्हता. लग्न होऊन आली तेव्हाच तिने ते सांगितलं होतं, आणि बाबांनी, ज्यांना मासळी जीव की प्राण होती, त्या दिवसापासून ती घरात आणणं बंद केलं. पस्तीस वर्षं त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढच्या बुधवारी आईनं बाजारातून मासळी आणली. नाकावर एक चौकड्याचं फडकं घट्ट बांधलं, सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या आणि धाकट्या भावाला आणि मला रांधून घातली. त्यानंतर एकही बुधवार चुकला नाही. सर्दी असो, पाहुणे असोत, फडकं बांधून ती शेगडीपुढे उभीच. स्वतः एक घास खायची नाही. भाऊ तर इतका कंटाळला की लग्न होऊन वेगळं घर केल्यापासून त्याने मासळीचं तोंड पाहिलेलं नाही. एकदा मी चिडून म्हटलं, “अगं, पुरे आता. त्रास होतो तुला, तर करू नकोस.” तेव्हा ती फडक्याआडून म्हणाली, “एकाला घालवलं मी. तुम्हाला नाही घालवायची.”

आता मी केलेली वाईट गोष्ट सांगते. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे तपासणीचं नवीन सामान आलं. त्यातल्या कागदावर लिहिलं होतं की लाल पेशी उणे वीसला ठेवू नयेत, काही आठवड्यांतच नेमकी हीच चरबी नासते. मी ते तीनदा वाचलं. म्हणजे गेलेल्यांच्या रक्तात ती कमी नव्हती, माझ्या खणात पडून पडून ती कमी झाली होती. मी कागदाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. सरांचं नाव, सरांचा पेपर, इतक्या वर्षांचा दबदबा. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. आणि दर बुधवारी घरी जाऊन, फडकं बांधलेल्या आईच्या हातचं निमूट जेवले. सरांची लाज राखायला मी आईला शिक्षा भोगू दिली. ह्याला दुसरं नाव नाही.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली आणि मी सरळ बाह्यरुग्ण विभागात गेले. सरांसमोर एक जाडजूड गृहस्थ बसले होते.

“काल काय खाल्लंत? खरं सांगा हं. बायको बाहेर बसलीय तुमची, तिला विचारीन.”

“तिला नका विचारू, डॉक्टर. सांगतो.”

ते गेल्यावर मी दार लावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाबांची नळी, खालचा खण, हिरवे गोल. सर ऐकत होते. मध्येच त्यांनी चष्मा काढला.

“उणे वीस हे वाईट, हे तुम्हाला कधी कळलं?”

मला वाटलं, आज म्हणावं. आजच कळलं म्हणावं.

“अकरा वर्षं झाली,” मी म्हटलं.

सरांनी चष्मा परत घातला. “पुढच्या पेशंटला पाठवा,” एवढंच म्हणाले.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे ‘नळी द्या’, ‘कागद कुठाय’, बस्स. इतक्या वर्षांत ते माझ्यावर ओरडले असतील, हसले असतील, पण असं कधी केलं नव्हतं. सर निवृत्त व्हायला तीन महिने राहिले होते. निरोपाचा समारंभ ठरला होता, आणि पत्रिकेवर त्याच पेपराचा उल्लेख छापला होता. डॉक्टरीणबाईंनी एकदा हळूच सुचवून पाहिलं, “सर, समारंभ होऊन जाऊ दे. मग सावकाश कळवता येईल.” सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

पाचव्या दिवशी सकाळी सर माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि बाही वर सारली.

“काढा रक्त.”

“कशाला?”

“मोजायला. आपण नुसतं वाटण्यावर चालत नाही ना? माझं काढा, तुमचं घ्या, ह्या बाईंचंही घ्या. अर्धं मोठ्या फ्रीजमध्ये, अर्धं लहान्यात. दर आठवड्याला मोजू.”

पहिल्या दिवशीच्या आकड्यांनी मोठीच गंमत केली. पेशींतल्या चरबीत मासळीची शंभरात किती, तो आकडा डॉक्टरीणबाईंचा आला पाच. तेलडॉक्टरांचा चार. आणि माझा सात! डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. सरांनी कागद उलटा करून पाहिला, जणू काही मागे माफीनामा छापला असेल.

“तीस वर्षं मी जगाला सांगतोय, आणि आकडा तुमचा! तुम्ही इतकी मासळी कधी खायला लागलात?”

मी नुसती हसून गेले असते. पण चार दिवसांच्या अबोल्यानंतर सर माझ्याशी नीट बोलत होते, आणि माझं मन भरून आलं होतं. मी बुधवार सांगितला. फडकं सांगितलं. खिडक्या सांगितल्या. आई काय म्हणाली तेही सांगितलं.

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मी असं म्हणालो होतो त्यांना?”

“तुम्ही चांगल्या मनानंच सांगितलं होतंत, सर.”

“ते विचारलं नाही मी,” ते म्हणाले आणि उठून गेले.

सहा आठवडे आम्ही मोजत राहिलो. मोठ्या फ्रीजमधल्या नळ्यांचा आकडा हलला नाही. लहान फ्रीजमधला दर आठवड्याला उतरत गेला. सहाव्या आठवड्यात माझ्या सातचे दोन पूर्णांक तीन झाले होते. सरांनी जुन्या वहीतलं त्र्याहत्तर नंबरचं पान उघडलं आणि शेजारी ठेवलं. बाबांचा आकडा होता दोन पूर्णांक एक. मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. चोवीस वर्षं मासळी खाल्लेली मी आणि मासळी न खाल्लेले बाबा, लहान फ्रीजनं दोघांना सारखंच करून ठेवलं होतं.

“रडा हवं तर,” सर म्हणाले. “पण माझं एक ऐका. पेपरात वाक्य आहे, ‘सर्व नमुने उणे ऐंशी अंशांवर ठेवले होते.’ ते मी लिहिलंय. तुम्हाला न विचारता. तीन वर्षांत तो फ्रीज मी एकदाही उघडून पाहिला नाही. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत. त्या वेळी तरी.”

‘त्या वेळी तरी’ हे त्यांनी मुद्दाम म्हटलं, आणि मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

त्याच दुपारी त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं. काय चुकलं, कसं चुकलं, आम्ही काय मोजलं, आणि पेपर मागे घ्यावा. मी म्हटलं, माझं नाव घाला. ते म्हणाले, “चूक प्रयोगशाळेची. प्रयोगशाळा माझी.” मी हट्ट धरला, तर म्हणाले, “मग मोजणाऱ्यांत घालतो,” आणि खरोखरच सहा आठवड्यांच्या आकड्यांखाली त्यांनी माझं नाव लिहिलं. कुठल्या छापील कागदावर माझं नाव यायची ती पहिलीच वेळ.

“आता तुमचं काय राहिलं, सर?” मी न राहवून विचारलं.

“पुष्कळ राहिलं. मासळी चांगलीच आहे हो. बाकीच्यांनी नीट मोजलंय. फक्त मी जितकी सांगत सुटलो तितकी नाही.” मग डॉक्टरीणबाईंकडे बोट करून म्हणाले, “आणि ह्या सहाशे नळ्यांनी पुन्हा सुरू करतायत. फ्रीजची किल्ली तुमच्याकडे देणारेत म्हणे. धाडस आहे त्यांचं.”

समारंभाच्या पत्रिका सरांनी स्वतः परत मागवल्या आणि तो एक उल्लेख गाळून नव्या छापायला सांगितल्या. मग जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, “आई बुधवारी किती वाजता स्वयंपाकाला लागतात?”

बुधवारी साडेदहाला आम्ही घरी पोचलो. तिसऱ्या मजल्यावर घर, आणि सरांनी लिफ्ट नको म्हटलं, पेशंटांना सांगतो ते स्वतः करायला नको का, म्हणून. दार उघडलं ते आईनं, नाकावर फडकं बांधूनच. सरांना पाहून तिने ते घाईघाईनं गळ्यात ओढलं.

“अगंबाई, डॉक्टर! आधी सांगायचं नाही का गं? बसा. घराला वास येतोय, राग मानू नका. चहा टाकते.”

“चहा नंतर, आई. आधी तुम्ही बसा.”

“ते नंतर नाही चालत,” आई म्हणाली. चहा झाला, सरांच्या हातात कप आला, तेव्हा कुठे ती बसली. सरांनी तिला सगळं सांगितलं. एकही अवघड शब्द न वापरता, काहीही न झाकता. नळ्या, दोन फ्रीज, मोजलेले आकडे. बोलण्याच्या नादात कप कलंडला, आणि चहा बशीत आणि मग टेबलावर सांडला.

“म्हणजे ह्यांच्या रक्तात ते होतं?” आईनं विचारलं.

“किती होतं ते आता कधीच कळणार नाही. पण कमी होतं असं मी तुम्हाला म्हणालो, ते चूक होतं. तुमच्या हातून काही झालं नव्हतं, आई. मी तुम्हाला फार मोठा त्रास दिला. माफी मागायला आलोय.”

आईनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

“नळी कुणी हलवली?”

“मी.”

“का गं?”

“त्यांचा नंबर सारखा दिसायचा. बघवत नव्हतं.”

मला वाटलं, आता ती बोलेल. चोवीस वर्षांचं बोलेल. पण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “त्यांचे बूट मी कपाटावर टाकलेत. अगदी मागे. अजून काढले नाहीत.”

आत काहीतरी करपल्याचा वास आला, तशी ती उठली, शेगडी बंद करून आली. उभ्या उभ्या ती गळ्यातल्या फडक्याची गाठ सोडायला लागली. म्हातारी बोटं, गाठ घट्ट, सुटेना. मी मदतीला पुढे झाले, तर तिने माझा हात बाजूला केला. गाठ सुटली. त्या फडक्यानं तिने सरांपुढचा सांडलेला चहा पुसून घेतला.

“डॉक्टर, जेवूनच जा. खालून जराशी लागलीय, पण मासळी ताजी आहे. तुम्ही आणि ही बसा.”

“आणि तुम्ही?”

“मी नाही खात,” आई म्हणाली. “मला वास सहन होत नाही.” बाबा गेल्यापासून हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग ती दोन ताटं घ्यायला आत गेली.